पिठाचा कोंबडा

माझ्या बहिणीचा मुलगा गेली बारा वर्षं अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात असतो. यंदा जानेवारीअखेर माझ्या माहेरच्या गावी पंचकल्याणक महोत्सव होता, म्हणून बायकोमुलीला घेऊन आला होता. त्या रात्री मंडपात पाळण्याचे सवाल झाले. आम्ही घरी परतलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मुली झोपल्या, सूनबाई झोपली, मी विरजण लावून दिवा मालवायला आले तर हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेला. पडद्यावर झाडासारख्या शिंगांच्या एका जनावराचं चित्र.

‘‘कसला रे फॉर्म?’’

‘‘काही नाही गं मावशी. ॲरिझोनाचा. पॉइंट घेतोय. चार दिवसांत मुदत संपतेय.’’

‘‘कसला पॉइंट?’’

पोरगा लहानपणापासून खोटं बोलायचा नाही, तेव्हाही बोलला नाही. शिकारीचा पॉइंट, म्हणाला. मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाला, ‘‘अगं, मी कुठं मारतोय? मी नुसता अर्ज करतोय.’’

मैत्रिणींनो, हा लेख त्या ‘नुसता’ या शब्दाविरुद्ध आहे.

आधी हा प्रकार काय आहे तो सांगते, कारण मलाही त्या रात्री एक वाजेपर्यंत प्रश्न विचारून विचारून समजला. अमेरिकेत रानातली जनावरं ही राज्याच्या ताब्यात असतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठं हरीण, मूस त्याहून मोठा, शिवाय कातळावर राहणारं मोठ्या शिंगांचं रानमेंढरू, प्रॉन्गहॉर्न नावाचं चपळ जनावर. यांतली किती मारायची हे दरवर्षी राज्याचं खातं ठरवतं आणि तेवढेच परवाने काढतं. त्या परवान्याला टॅग म्हणतात. एक टॅग, एक जनावर. मारलं की चिठ्ठी त्याच्या अंगाला बांधायची.

टॅग थोडे, मागणारे फार. म्हणून सोडत निघते, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी. राज्यातल्या रहिवाशांना वाटा मोठा आणि दर कमी, बाहेरच्या राज्यातल्याला वाटा छोटा आणि दर दांडगा. वायोमिंग राज्यात स्थानिक माणसाला एल्कचा टॅग ५७ डॉलरला मिळतो, बाहेरच्याला त्याच एल्कचे ६९२. वर अर्जाचे १५, ते परत मिळत नाहीत. ज्यांना नंबर लवकर लागावा असं वाटतं त्यांच्यासाठी ‘विशेष’ दराची वेगळी रांग आहे, तिथं हाच एल्क २०२४ पासून १,९५० डॉलरचा झाला. न्यू मेक्सिकोत शंभरातले ८४ टॅग रहिवाशांना, १० वाटाड्याला पैसे देऊन येणाऱ्यांना, आणि आपलं आपण येणाऱ्या परक्यांना राहिले फक्त ६. ॲरिझोनात बाहेरच्यांना दहा टक्क्यांच्या वर मिळूच शकत नाहीत. वायोमिंगमध्ये रानमेंढरू आणि मूस यांचे नव्वद टक्के टॅग रहिवाशांचे, असा कायदाच २०२२ मध्ये झाला. त्याच सुमाराला बाहेरच्यांसाठी मेंढराचा दर २,३१८ वरून ३,००० डॉलर केला. वाटा कमी केला आणि दर वाढवला, दोन्ही एकाच दमात.

आता पॉइंट म्हणजे काय? यंदा नंबर लागला नाही तर तुमच्या नावावर एक गुण जमा होतो. जितके गुण, तितकी पुढच्या वर्षी आशा जास्त. काही राज्यांत जास्त गुणवाल्याचा नंबर आधी. नेवाडात तर गुणांचा वर्ग करतात: पाच गुण असले तर पंचवीस चिठ्ठ्या आणि यंदाची एक, मिळून सव्वीस. कोलोरॅडोच्या नावाजलेल्या भागांत वीसहून जास्त गुण असल्याशिवाय बाहेरच्यानं एल्कची वाट बघूच नये, अशी गत आहे. दरवर्षी नवे लोक रांगेत येतात, जुने हटत नाहीत, मग कालपर्यंत दहा गुणांत मिळणारं आज बारा मागतं. तुम्ही चालत राहता आणि मुक्काम पुढं सरकत राहतो.

आणि हे गुण फुकट मिळत नाहीत. इथं माझ्यातली गृहिणी जागी झाली. मी लग्न झाल्यापासून रोज रात्री खर्चाची वही लिहिते. म्हटलं, ‘‘बाळा, थांब. वही आणते. तू सांग, मी लिहिते.’’

त्यानं सांगितलेले त्या वर्षीचे दर असे. ॲरिझोनात अर्ज करायचा तर आधी शिकारीचा सर्वसाधारण परवाना घ्यावा लागतो, बाहेरच्यांना १६० डॉलर. एल्कच्या अर्जाचे आणखी १५. नेवाडाचा परवाना १५५. वायोमिंगचे नुसते गुण: एल्कचा ५२, हरणाचा ४१, प्रॉन्गहॉर्नचा ३१, मूसचा १५० आणि रानमेंढराचा १५०. बेरीज केली, ७५४ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ६४,०९० रुपये. एका वर्षाचे. इकडंतिकडं आणखी अर्ज केले तर त्यांची फी वेगळी. बंदुकीची गोळी नाही, प्रवास नाही, तंबू नाही, जनावराचं दर्शनसुद्धा नाही. एवढे पैसे फक्त रांगेत उभं राहायचे.

सहा वर्षं तो हे करतोय. आजच्या दरानं तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांच्या वर गेले. मी वही त्याच्यापुढं सरकवली. तो म्हणाला, ‘‘असं एकत्र कधी बघितलंच नव्हतं.’’

बघणार कसं? अर्ज वेगवेगळ्या महिन्यांत, राज्यं वेगवेगळी, कार्डावरून थोडे थोडे जातात. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राचं तर आणखी वेगळं. तो आयडाहोत अर्ज करतो. तिथं गुणांची भानगडच नाही, पण चिठ्ठी टाकायची तर १८५ डॉलरचा परवाना आधी घ्या, नंबर लागो वा न लागो. न्यू मेक्सिकोत टॅगची पूर्ण रक्कम आधी भरायची, सोडतीत नाव आलं नाही की परत मिळते. तोवर हजार-दीड हजार डॉलर अडकलेले. ज्याच्या कार्डात तेवढी जागा असेल त्यानंच खेळावं.

या दरांबद्दल तिथले शिकारी कुरकुरतात, आणि त्यांचं दुखणं मला कळतं. आम्ही बेळगावकर, सीमेवर राहण्याचा भुर्दंड काय असतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मोंटाना राज्याविरुद्ध बाल्डविन नावाच्या एका वाटाड्यानं आणि बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांनी याच कारणावरून दावा लावला होता. १९७६ साली तिथं रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळायचा आणि बाहेरच्याला एल्क मारायचा तर २२५ डॉलरचा जोडपरवाना घ्यावा लागायचा. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. त्यातला मुद्दा असा, की एल्कची शिकार हा करमणुकीचा खेळ आहे, पोटापाण्याचा प्रश्न नाही, म्हणून परक्याकडून जास्त घ्यायला राज्याला मोकळीक आहे.

मला त्या निकालात न्यायापेक्षा कबुली जास्त दिसते. करमणूक! तिथल्या सर्वांत मोठ्या कोर्टानंच ते सांगून ठेवलंय. जो माणूस पाचशे मैल गाडी हाकत परक्या राज्यात जाऊन मारतो, तो भुकेसाठी मारत नाही. भाच्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत. जन्मापासून त्याच राज्यात, स्थानिक दरानं टॅग घेतात, नंबर लागला तर एक एल्क आणतात आणि वर्षभर घरात तेच मांस खातात. मी त्यांचं समर्थन करणार नाही. मला ते करता येणारच नाही. पण त्या आजोबांनी आपण काय करतो हे स्वतःपासून लपवलेलं नाही. रक्त त्यांच्या हाताला लागतं आणि ते हात धुतात. माझा भाचा मात्र सहा वर्षं पैसे भरतो आणि म्हणतो, हात कोरडे आहेत.

मी त्याला एकच विचारलं. ‘‘नंबर लागला तर?’’

‘‘लागणारच नाही गं. रानमेंढराचा तर जन्मात लागत नाही लोकांचा.’’

‘‘लागला तर?’’

तो गप्प बसला. आणि त्या गप्प बसण्यात सगळं आलं. ‘जाणार नाही’ असं त्याला म्हणता आलं असतं. म्हणाला नाही. जाणार नसता तर ६४,००० रुपये कशाला भरले असते?

आपल्या पाठशाळेत सात व्यसनं पाठ करून घेतात. द्यूत, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. लहानपणी मला वाटायचं, ही यादी आपल्यासाठी नाहीच. आपल्या घरात कोण शिकारीला जातंय? पण बघा, यादीत पहिला जुगार आणि पाचवी शिकार. या टॅगच्या धंद्यात पहिल्याच्या दारातून पाचव्यात शिरता येतं. चिठ्ठी टाकायची, नाही लागली की गुण मिळतो, गुण फुकट जाऊ नये म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा टाकायची. ‘‘आता सोडलं तर सहा वर्षांचे पैसे वाया जातील,’’ हे वाक्य भाचा बोलला तेव्हा मला आमच्या गल्लीतला मटका खेळणारा एक इसम आठवला. शब्दही तेच. फरक एवढाच, की मटक्याच्या टपरीवर पोलिसांची धाड पडते आणि इथं टपरी राज्याचीच आहे.

हे ज्यांना जुगार वाटत नाही त्यांनी सांगावं, की पैसे भरून, नशिबावर सोडून, बहुतेकांनी हरायचं आणि हरलेल्यांच्या पैशावर खेळ चालायचा, याला दुसरं काय म्हणतात?

आता ‘नुसता अर्ज’ याकडं येते. आपल्याकडं हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. चूल पेटवताना, केर काढताना होते ती आरंभी. शेतीत, व्यापारात होते ती उद्योगी. चोर-शत्रूपासून बचाव करताना होते ती विरोधी. संसारी माणसाला या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, हे शास्त्रकारांनीच ओळखलंय. पण चौथी, संकल्पी, म्हणजे ठरवून, मनात धरून केलेली. ती श्रावकानं सोडायचीच, त्यात सवलत नाही. आणि करणं, करवणं, अनुमोदन देणं, तिन्ही एकाच तागडीत. मनानं केलं, वाचेनं केलं, कायेनं केलं, तिन्हींचा हिशोब होतो.

मग मला सांगा, अर्ज म्हणजे काय? कुठलं जनावर, नर की मादी, कुठलं रान, कुठला आठवडा, बंदुकीनं की बाणानं, हे सगळं त्या फॉर्मवर भरायचं असतं. खाली नाव, वर कार्डाचा नंबर. संकल्पाची याहून पक्की पावती मी तरी पाहिलेली नाही. आपण पूजेत हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो, तो तरी हवेत विरतो. हा राज्याच्या संगणकात सहा वर्षं साठून आहे, आणि दरवर्षी वाढतोय.

इथं यशोधर राजाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. सोमदेवसूरींनी संस्कृतात लिहिली, जन्नानं कन्नडमध्ये. आमच्या भागात ती आजीच्या तोंडून ऐकलेली असते. उज्जैनीच्या यशोधराला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. तो म्हणाला, जीव मारणार नाही. आईनं तोड काढली: पिठाचा कोंबडा कर आणि तो काप. जीव नाही, रक्त नाही, मग पाप कसलं? राजानं आईचा मान राखला आणि पिठाचा कोंबडा कापला. त्यानंतर दोघं मायलेक मोर आणि कुत्रा होऊन जन्मले, आणि पुढं किती तरी जन्म जनावरांच्या योनीत एकमेकांच्या वाट्याला येत, मारले जात फिरले.

लहानपणी मला ही गोष्ट फार अन्यायाची वाटायची. पिठाला काय दुखतं? त्या रात्री भाच्याच्या लॅपटॉपसमोर ती मला पहिल्यांदा समजली. यशोधरालाही ‘नुसता’ म्हणायचं होतं. नुसतं पीठ. नुसता अर्ज. हात उगारला तेव्हा त्याच्या मनात कोंबडाच होता, पीठ नव्हतं.

भाचा हरणाऱ्यातला नाही. म्हणाला, ‘‘मावशी, तुला एक बाजू माहीत नाही. हे पैसे जनावरांच्याच रक्षणाला जातात.’’

ही बाजू खरी आहे, आणि ती न सांगता लेख लिहिणं लबाडी होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं जनावरांचा असा संहार झाला होता की कोट्यवधी गवे काही शेकड्यांवर आले, एल्क लाखाच्या आत आले. मग कायदे झाले, परवाने आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला बांधून टाकला. परवान्यांची फी आणि हा कर यांवर राज्यांची खाती उभी राहिली. त्यातून रानं घेतली, जनावरं पुन्हा आणून सोडली. आज एल्क दहा लाखांच्या घरात आहेत. तिथला शिकारी छातीठोकपणे सांगतो, जंगल आमच्या पैशावर जगलंय. त्याला खोटं म्हणता येत नाही.

पण जरा हिशोब उलटा मांडून बघा. या सोडतीत पैसे कोण भरतं? सगळे. मारतं कोण? थोडे. हजारो माणसं वर्षानुवर्षं फी भरतात आणि एकही जनावर न मारता घरी बसतात. म्हणजे जंगलाला जगवणाऱ्या या पैशातला मोठा हिस्सा न मारणाऱ्यांनीच दिलेला आहे! त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त एक जिवंत, शिंगं उंचावून उभं असलेलं जनावर असतं. त्या दर्शनाच्या आशेवर माणूस दरवर्षी ७५४ डॉलर देतो. मग मधली बंदूक कशाला लागते? जिवंत जनावरासाठी माणसं पैसे देतात हे तुमच्याच खात्याच्या जमाखर्चात सिद्ध झालंय. सरळ मागा की!

आणि असं मागितलं की लोक देतात, हेही तिथंच दिसलंय. मिसूरी राज्यातल्या मतदारांनी १९७६ मध्ये स्वतः मत देऊन विक्रीकरात एक अष्टमांश टक्का वाढवून घेतला, रानं आणि रानातले जीव यांच्यासाठी. साबण घेणारी, दूध घेणारी, कधी बंदूक न पाहिलेली बाईसुद्धा तिथं रानाला हातभार लावते. खुद्द भाच्याच्या कोलोरॅडोत २०२३ पासून गाडीच्या नोंदणीबरोबर २९ डॉलरचा उद्यानांचा पास जोडला आहे. नको असेल त्यानं नको म्हणावं. मी विचारलं, ‘‘तू भरतोस?’’ म्हणाला, ‘‘भरतो की. लक्षातही येत नाही.’’ २९ डॉलर देऊन वर्षभर ती रानं मुलीला दाखवता येतात. ७५४ देऊन काय दाखवतो आहेस तिला? तिनं या फॉर्मवरचं चित्र बघून विचारलंच होतं म्हणे, ‘‘पप्पा, आपण याला बघायला जाणार?’’ त्यानं हो म्हटलं. नऊ वर्षांच्या पोरीला खरं सांगता येत नाही, असा हा छंद.

वर पैशानं सगळी रांगच ओलांडता येते, हे वेगळंच. काही टॅग सोडतीत न घालता लिलावात विकतात. २०१३ मध्ये मोंटानातल्या एका रानमेंढराच्या टॅगला ४,८०,००० डॉलर आले. ज्याच्याकडं आहे त्यानं त्याच दिवशी न्यावं, ज्याच्याकडं नाही त्यानं वीस वर्षं गुण साठवत म्हातारं व्हावं.

हे ऐकून मी हसले, आणि लगेच हसू आवरलं. कारण तीन तासांपूर्वीच आम्ही मंडपातून आलो होतो. पाळण्याला हात लावायचा मान कुणाचा, याचे सवाल चालले होते. पाच लाख एक, पाच लाख एक, एकवार... सहा लाख! टाळ्या. मागं सतरंजीवर बसलेल्या, आयुष्यभर उपास केलेल्या माझ्या चुलतीला कुणी विचारलं नाही. मी इतकी वर्षं ते बघत आले आणि कधी काही बोलले नाही. जीव मारण्याचा लिलाव आणि पूजेचा लिलाव एक नव्हेत, हे मलाही कळतं. पण पुण्याची रांग पैशानं ओलांडता येते हे आपणही पोरांना दाखवतोच. मग त्यांनी तिकडं जाऊन दुसरी रांग धरली तर नवल काय?

आणखी एक कबुली द्यायची आहे, आणि ही जास्त कडू आहे. आपण अहिंसक आहोत, पण बहुधा फुकटात. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ पासून गव्यांचं अभयारण्य आहे. आपण अभिमानानं सहल नेतो. पण तो गवा राज्याची हद्द मानत नाही. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तिन्हीकडं फिरतो आणि पोट भरायला शेतात उतरतो. माझं माहेर डोंगराच्या पायथ्याशी. भावाची रताळी रानडुकरं एका रात्रीत उकरून टाकतात. वडील होते तेव्हा माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवायचे. नुकसानभरपाईचे कागद करून करून भाऊ थकला. शेजारच्या एकानं गुपचूप कुंपणात वीज सोडली, त्यात डुक्कर मेलं आणि त्याचा स्वतःचा बैलही. मग भावानं पदरचे तीस हजार घालून झटका मशीन बसवलं, त्यानं जनावर मरत नाही, दचकून मागं फिरतं.

त्या डुकराच्या प्राणाची किंमत कुणी भरली? माझ्या भावानं, एकट्यानं. आपल्या देवळातल्या जीवदयेच्या पेटीतून कबुतरांना ज्वारी जाते, पांजरपोळाला चारा जातो, चांगलंच आहे. शेतकऱ्याच्या कुंपणाला आजवर एक रुपया गेलेला मी ऐकला नाही. अमेरिकेतला शिकारी निदान पैसे भरतो. आपण रानातल्या जीवांचा जयजयकार करतो आणि त्यांचं बिल गरीब कुणब्याच्या, आपल्याच जैन शेतकरी भावाच्या नावावर फाडतो. त्या शेजाऱ्याच्या विजेच्या तारेला आपलं अनुमोदन नव्हतं, पण त्याला दुसरा मार्गही आपण दिला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं दोन्हीकडच्यांना आहे.

परदेशातल्या आपल्या पोरांना: मित्रांच्या नादानं, तिकडचं वारं म्हणून, ‘नुसते पॉइंट’ म्हणून जे भरता ते थांबवा. साठलेले गुण वाया जाऊ द्या. वाया जाण्यासारखी याहून चांगली गोष्ट नाही. जनावरासाठी पैसे द्यायचेत? उघड द्या, ते जिवंत राहावं म्हणून द्या, आणि पोरीला घेऊन बघायला जा.

आणि आपल्याला, मैत्रिणींनो: पुढच्या महोत्सवात सवालाच्या रकमेतला काही भाग देवस्थानानं आसपासच्या शेतांच्या झटका मशीनसाठी बाजूला काढावा, हा ठराव बायकांनी मांडायचा. सहा लाखांच्या त्या एका सवालात भावाच्या हिशोबानं वीस शेतं राखली जातात. मी आमच्या महिला मंडळात मांडला आहे. ‘‘देवाचे पैसे डुकराला?’’ असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, ‘‘डुकराच्या जिवाला.’’ ठराव अजून मंजूर नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा मांडणार आहे.

भाच्यानं त्या रात्री फॉर्म भरला का? भरला. माझ्यासमोरच, मान खाली घालून, कार्डाचा नंबर टाकला आणि लॅपटॉप मिटला. सकाळी अभिषेकाला शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, ‘‘मावशी, आईला सांगू नकोस.’’

मी म्हटलं, ‘‘नुसता अर्ज आहे ना? मग सांगायला काय झालं?’’

हा लेख त्याला वाचून दाखवूनच छापायला दिला आहे. नाव घालू नकोस, एवढंच तो म्हणाला. नेवाडाच्या अर्जाची वेळ यायची आहे. वही माझ्याकडं आहे, त्या पानावर मी जागा मोकळी ठेवली आहे.